एडिटिंगच्या पीसीसाठी चार हजारांच्या आत भरवशाचा एसएमपीएस कोणता घ्यावा?

शटर_बार्शी

नमस्कार मंडळी. बार्शीत माझा फोटो स्टुडिओ आहे. लग्नसराईत अल्बम आणि व्हिडिओ दोन्ही एकाच पीसीवर निघतात. रायझन ५ ५६०० प्रोसेसर, १६ जीबी रॅम, एक एसएसडी, दोन हार्ड डिस्क. इतके दिवस जीटीएक्स १०५० टीआय ग्राफिक्स कार्ड होतं, आता आरटीएक्स ३०६० घेतलंय. तेव्हापासून व्हिडिओ एक्स्पोर्टला लावला की थोड्या वेळात पीसी फटकन बंद होतो आणि आपोआप परत सुरू होतो. निळा स्क्रीन नाही, एरर नाही. नुसतं फोटोशॉप चालू असेल तर दिवसभर काही होत नाही.

इथला दुकानदार म्हणतो, एसएमपीएस (पीसीला वीज पुरवणारा डबा) ४५० वॅटचा आहे, भरपूर झाला, विंडोज नव्याने टाकून बघू. एसएमपीएसला कार्डाचं ८ पिनचं कनेक्टर नव्हतं, म्हणून त्याने हार्ड डिस्कच्या दोन मोलेक्स वायरींवरून कन्व्हर्टर लावून दिलाय.

लाईटचं सांगायचं तर आमच्या भागात संध्याकाळी मोटारी सुरू झाल्या की व्होल्टेज १८० पर्यंत उतरतं. पीसीला ६०० व्हीएचा यूपीएस आहे. नवा एसएमपीएस घ्यायचाच झाला तर साडेतीन, ताणून चार हजार. ऑर्डर हातात आहेत, म्हणून जरा लवकर सांगा.

तपकीर_गल्ली

दादा, विंडोजला हात लावू नका. आधी पीसी बंद करून तो कन्व्हर्टर काढा. ३०६० एकटं १७० वॅट ओढतं. त्यातले जास्तीत जास्त ७५ बोर्डावरच्या स्लॉटमधून मिळू शकतात, बाकी सगळे त्या दोन मोलेक्समधून येणार. लोकल एसएमपीएसच्या वायरी बारीक असतात आणि पिना सैल. आधी पिन तापते, मग प्लास्टिक मऊ पडतं, मग वास येतो. कनेक्टरची पांढरी बाजू पिवळट झालीय का तेवढं बघून सांगा.

५६०० ला स्वतःचं ग्राफिक्स नाही, त्यामुळे तोवर १०५० टीआय परत बसवा. त्याच्यावर काम सावकाश होईल, पण होईल.

आणि एसएमपीएसच्या अंगावरचा स्टिकर जसाच्या तसा इथे टाइप करा. ४५० हा मोठा आकडा नको, खालचा तक्ता हवा.

नागपुरी_गेमर

सरळ ७५० वॅटचा घ्या ना भाऊ, टेन्शनच संपते.

तपकीर_गल्ली

चार हजारांत ७५० वॅट म्हणून जे मिळतं त्यापेक्षा चार हजारांतला ५५० परवडला. एकाच किमतीत वॅट वाढले की कुठेतरी माल कमी केलेला असतो.

शटर_बार्शी

कन्व्हर्टर काढला. एका पिनेभोवती प्लास्टिक खरंच तपकिरी झालंय. बघून पोटात गोळा आला.

स्टिकर असा आहे: +३.३ व्होल्ट २२ अँपिअर, +५ व्होल्ट २५ अँपिअर, +१२ व्होल्ट १६ अँपिअर, −१२ व्होल्ट ०.५ अँपिअर, +५ एसबी २ अँपिअर. मागे लाल रंगाची छोटी सरकपट्टी आहे, ११५ आणि २३० लिहिलेली. वजन फारच कमी, हातात धरला तर रिकामा डबा वाटतो.

तपकीर_गल्ली

उत्तर स्टिकरवरच आहे. १६ ला १२ ने गुणा: १९२ वॅट. तुमचा प्रोसेसर आणि कार्ड दोघंही १२ व्होल्टवरच जगतात. कार्ड १७०, प्रोसेसर जोरात असताना ८०च्या आसपास, वर पंखे आणि हार्ड डिस्क. म्हणजे १९२ च्या जागी २७० ते ३०० मागताय. स्टिकरवरचे १६ अँपिअर तरी खरे आहेत असं धरून बोलतोय हं, लोकलमध्ये तेही मिळतीलच असं नाही. ३.३ आणि ५ व्होल्टचे आकडे फुगवूनही बेरीज ४०५ च्या आसपासच येते, ४५० होतच नाही. २५ अँपिअरचे ५ व्होल्ट आजच्या पीसीत वापरणार कोण?

चांगल्या ४५० च्या स्टिकरवर १२ व्होल्टलाच ३५ अँपिअरच्या आसपास दिलेले असतात, म्हणजे जवळपास सगळी ताकद तिथेच. दुकानात गेलात की हा एकच गुणाकार मोबाइलवर करा. निम्मा बाजार तिथेच गळतो.

ती लाल सरकपट्टी चिकटपट्टी लावून २३० वर पक्की करा. पोराटोरांनी खेळता खेळता ११५ वर सरकवली आणि बटण दाबलं तर आतल्या मोठ्या कपॅसिटरवर दुप्पट व्होल्टेज जातं आणि बार उडतो. माझ्याकडे दुरुस्तीला येतात असे.

घरात मल्टिमीटर आहे का? जुनं कार्ड लावून एक छोटा एक्स्पोर्ट सुरू करा आणि मोकळ्या मोलेक्सच्या पिवळ्या आणि काळ्या वायरीवर व्होल्टेज बघा. एटीएक्सच्या (पीसीच्या एसएमपीएससाठीचं मानक) नियमाप्रमाणे ५ टक्के इकडेतिकडे चालतं, म्हणजे ११.४ ते १२.६. पिना एकमेकींना टेकवू नका.

फेज_न्यूट्रल

मी कोल्हापूरची, इलेक्ट्रिकल इंजिनिअर. वॅटबद्दल तपकीरभाऊंनी सांगितलंय ते बरोबरच आहे. मला शटरदादांच्या संध्याकाळच्या १८० व्होल्टची जास्त काळजी वाटते, कारण परदेशातल्या परीक्षणांत याच्याबद्दल कोणी अवाक्षर काढत नाही.

स्वस्तातल्या ब्रँडेड एसएमपीएसमध्येही दोन जाती असतात. एकावर इनपुट १००–२४० लिहिलेलं असतं, दुसऱ्यावर २००–२४०. दुसरी जात थोडी स्वस्त पडते आणि आपल्याकडे सर्रास विकली जाते. मुंबई-पुण्यात तिच्यावर कामं निभावतात. तुमच्याकडे १८० व्होल्टला ती तिच्या हद्दीच्या बाहेर चालणार. फुल रेंजवाल्याला, म्हणजे १००–२४० वाल्याला, १८० म्हणजे काहीच नाही, आणि मग वेगळा स्टॅबिलायझरही लागत नाही. नावावर विसंबू नका. कूलर मास्टरच्या एमडब्ल्यूई ब्रॉन्झ व्ही२ मध्ये २३० व्होल्टची आणि फुल रेंजची अशी दोन्ही मॉडेलं निघाली, खोकी बघायला सारखीच. खोक्यावरची इनपुटची ओळ वाचूनच पैसे द्या.

दुसरं, यूपीएस. लाईट गेली की तुमचा ऑफलाइन यूपीएस बॅटरीवर यायला काही मिलिसेकंद घेतो, साधारण ४ ते १०. तेवढा वेळ पीसी एसएमपीएसमधल्या मोठ्या कपॅसिटरमधल्या साठ्यावर तगतो. यालाच होल्ड-अप टाइम म्हणतात. एटीएक्सच्या जुन्या नियमात पूर्ण लोडवर १७ मिलिसेकंदांची अपेक्षा होती. २०२२ मध्ये आलेल्या एटीएक्स ३.० मध्ये ८० टक्के लोडवर १७ आणि पूर्ण लोडवर १२ अशी मुभा दिली.

हिशेब मांडून दाखवते. ॲक्टिव्ह पीएफसीवाल्या (आत येणारं व्होल्टेज वर चढवून स्थिर ठेवणारं सर्किट असलेल्या) एसएमपीएसमध्ये तो कपॅसिटर ३८० व्होल्टच्या आसपास भरलेला असतो आणि साधारण ३०० च्या खाली गेला की सर्किट हात वर करतं असं धरू. २२० मायक्रोफॅरडचा असेल तर या दोन पातळ्यांमध्ये जवळपास ६ ज्यूल मिळतात. वाटेत १५ टक्के वाया गेले तर उरले ५. लोड ४०० वॅट असेल तर हे १२–१३ मिलिसेकंदांत संपतात. यूपीएसला १० लागले तर काठावर पास. ३३० मायक्रोफॅरडचा असेल तर त्याच लोडवर १९ मिळतात. कंपनी पाच-पन्नास रुपये वाचवते ती नेमकी इथे, कारण हा आतल्या महागड्या भागांपैकी एक. ज्याच्या घरची लाईट कधी जात नाही त्याला हे कळतही नाही.

म्हणून परीक्षण वाचताना होल्ड-अपचा आकडा शोधा. आणि लोडच्या मानाने एसएमपीएस थोडा मोठा घ्या. तुमच्या ३०० वॅटला ४५० चा पुरतो, पण मी ५५० च घेईन. त्यात हा कपॅसिटर बहुधा मोठा येतो.

शटर_बार्शी

ताई, एवढं बारकाईने कोणीच सांगितलं नव्हतं. आता कळलं, लाईट गेली की कधी पीसी टिकतो आणि कधी बसतो तो का. एक्स्पोर्ट चालू असला की हमखास बसतो.

मल्टिमीटर शेजारच्या मोटर वाइंडिंगवाल्याकडून आणला. जुन्या कार्डावर, काही चालू नसताना ११.९. एक्स्पोर्ट लावल्यावर ११.४६.

तपकीर_गल्ली

७५ वॅटच्या कार्डावर ११.४६, म्हणजे ३०६० ला तो ११ च्या खाली बसत असणार. बोर्ड आणि कार्ड शाबूत आहेत यात समाधान माना. त्या एसएमपीएसवर एक रुपया खर्च करू नका, दुसऱ्या कोणाला विकूही नका.

मडगावकर

गोव्याहून. आमच्याकडे दमट आणि खारी हवा, त्यात पाली. एसएमपीएस उबदार असतो म्हणून मागच्या जाळीतून आत शिरतात आणि नेमक्या हाय व्होल्टेजच्या बाजूला जाऊन चिकटतात. पीसी भिंतीला चिकटवून ठेवत असाल तर तसं करू नका. शिवाय कॅबिनेटमध्ये कार्ड नसलेल्या स्लॉटच्या पट्ट्या बसवून घ्या, त्या बऱ्याच जणांच्या उघड्याच असतात.

नागपुरी_गेमर

८० प्लस गोल्ड घेतला तर? लाईट बिल कमी येते म्हणतात. आमच्याकडे मे महिन्यात खोलीतच ४०–४२ असते, तेव्हा चांगलाच घ्यावा असं वाटते.

फेज_न्यूट्रल

बिलाचं गणित साधं आहे. २५० वॅटचा लोड रोज ६ तास धरला. ८५ टक्क्यांचा एसएमपीएस भिंतीतून २९४ घेतो, ९० टक्क्यांचा २७८. फरक १६ वॅटचा. वर्षाचे ३५ युनिट. तेवढ्यासाठी दीड-दोन हजार जास्त घालायची गरज नाही.

८० प्लसचा शिक्का फक्त कार्यक्षमता सांगतो. ब्रॉन्झ म्हणजे ११५ व्होल्टच्या चाचणीत २०, ५० आणि १०० टक्के लोडवर अनुक्रमे ८२, ८५, ८२ टक्के. होल्ड-अप किती, शॉर्ट झाल्यावर बंद होतो का, यातलं काही तो सांगत नाही. चाचणीही २३ अंशांच्या आसपास होते. नागपूरच्या मे महिन्याशी त्याचा संबंध नाही. म्हणून किती तापमानापर्यंत पूर्ण वॅट देईन असं कंपनी म्हणते तो आकडा बघा. स्वस्तात बहुतेक ४० मिळतं, ५० मिळालं तर उत्तम. कपॅसिटर १०५ अंशांचे आहेत का हेही बघा. १० अंश कमी तापला की कपॅसिटरचं आयुष्य साधारण दुप्पट होतं, म्हणून हवा खेळती ठेवण्याला विदर्भात फार मोल आहे.

तपकीर_गल्ली

गोल्ड आणि मोठं नाव दोन्ही असून घात होऊ शकतो. २०२१ मध्ये गिगाबाइटच्या पी७५०जीएम आणि पी८५०जीएम या गोल्ड एसएमपीएसबद्दल चाचणीत फुटल्याच्या बातम्या आल्या. ऑगस्टमध्ये कंपनीने स्वतःच निवेदन काढलं, ओव्हर पॉवर प्रोटेक्शनची (लोड फार वाढला की बंद होण्याची) मर्यादा १२०–१५० टक्क्यांवरून ११०–१२० वर आणली आणि ठरावीक सीरियल नंबरचे बदलून द्यायची तयारी दाखवली. म्हणून मी कंपनी विचारत नाही, मॉडेल विचारतो. एकाच कंपनीची एक मालिका उत्तम आणि दुसरी टाकाऊ असते, कारण बऱ्याचदा आतला माल बनवणारे कारखानेच वेगवेगळे असतात.

आतलं विचाराल तर मी एकच गोष्ट आवर्जून बघतो. ३.३ आणि ५ व्होल्ट हे १२ व्होल्टवरून वेगळ्या छोट्या सर्किटने बनवलेत का? जाहिरातीत याला डीसी-टू-डीसी म्हणतात. जुन्या पद्धतीत १२ आणि ५ एकाच कॉइलवर सांभाळलेले असतात. आजच्या पीसीत सगळा भार १२ वर आणि ५ जवळजवळ मोकळा, मग एक खाली ओढला जातो आणि दुसरा वर चढतो. पंधरा वर्षांपूर्वीच्या पीसीला ते चालून जायचं, ३०६० ला नको.

बजेटमधली जी नावं मी गिऱ्हाइकाला सांगतो ती अशी: डीपकूल पीके५५०डी, एमएसआय मॅग ए५५०बीएन, कॉर्सेअर सीएक्स५५०, आणि फुल रेंजचा मिळाला तर एमडब्ल्यूई ५५० ब्रॉन्झ. सगळे ब्रॉन्झ. भाव रोज हलतात. यातला जो त्या दिवशी चार हजारांच्या आत, १००–२४० लिहिलेला आणि पक्क्या बिलावर मिळेल तो घ्या, एकासाठी अडून बसू नका.

सांगली_सायबर

सेकंडहँड चालेल का? आमच्याकडे एक जण ६५० वॅटचा सीझनिक दीड हजाराला देतोय. मॉड्युलर आहे, म्हणजे वायरी काढता-घालता येतात, त्या मात्र दुसऱ्या कंपनीच्या आहेत म्हणाला.

तपकीर_गल्ली

नाही, नाही, नाही! मॉड्युलर वायरीचं बोर्डाकडचं टोक सगळीकडे सारखं असतं, पण एसएमपीएसकडच्या टोकाला प्रत्येकाची पिनांची मांडणी वेगळी. प्लग बसतोसुद्धा. फक्त ५ व्होल्टच्या जागी १२ जातात आणि एका झटक्यात सगळ्या हार्ड डिस्क जळतात. लोकांच्या लग्नांचे फोटो असेच जाताना बघितलेत मी. ज्या वायरी खोक्यातून आल्या त्याच वापरायच्या. एकाच कंपनीच्या दोन मॉडेलांच्या वायरीही आपसात बदलायच्या नाहीत.

सांगली_सायबर

बरं झालं विचारलं. नको म्हणून कळवतो त्याला.

फेज_न्यूट्रल

शटरदादा, नवा एसएमपीएस यायच्या आत स्टुडिओतलं अर्थिंग तपासून घ्या. कॅबिनेटच्या पत्र्याला हात लावल्यावर मुंग्या येतात का?

शटर_बार्शी

येतात! अनवाणी असलो की हमखास. पावसाळ्यात जास्त. सगळ्यांनाच येतात असं समजत होतो.

फेज_न्यूट्रल

म्हणजे तुमच्या सॉकेटच्या वरच्या जाड भोकात वायर एकतर नाहीच किंवा तुटलीय. एसएमपीएसच्या तोंडाशी फिल्टर असतो. त्यात फेजकडून एक आणि न्यूट्रलकडून एक असे छोटे कपॅसिटर पत्र्याला जोडलेले असतात. अर्थिंग असेल तर त्यांचा बारीक करंट जमिनीत जातो. नसेल तर पत्रा अधांतरी राहतो आणि त्याच्यावर ११५ व्होल्टच्या आसपास दिसतात. करंट अगदी कमी असतो म्हणून फक्त मुंग्या येतात. पण उद्या आत खरोखर फेज पत्र्याला लागली तर एमसीबी पडणार नाही, तो करंट तुमच्या हातातून जाईल. कॅमेरा केबलने पीसीला जोडता तेव्हा त्याचं पोर्टही याच मार्गाने जातं.

वायरमनला मोजायला सांगा. फेज ते न्यूट्रल आणि फेज ते अर्थ जवळपास सारखं यायला हवं. न्यूट्रल ते अर्थ दोन-चार व्होल्टच्या आत. अर्थिंग म्हणून न्यूट्रलचाच जंपर मारून देणारे महाभाग आहेत, ते अजिबात करू देऊ नका.

आणि मीटरजवळ ओव्हर-अंडर व्होल्टेज कटऑफ बसवा. डीपीवरचा न्यूट्रल तुटला की सिंगल फेजच्या घरात ३००–३५० व्होल्टसुद्धा येतात, आणि ते कोणताही एसएमपीएस सहन करत नाही, मग तो पंचवीस हजारांचा का असेना. आत संरक्षणाला असलेला एमओव्ही स्वतः मरतो, फ्यूज उडवतो आणि बाकीचं वाचलं तर नशीब. वळवाच्या वाऱ्यात हे आमच्याकडे दरवर्षी कुठे ना कुठे होतं.

मडगावकर

ताईंचं हे पोस्ट वर पिन करा कोणीतरी.

शटर_बार्शी

मंडळी, झालं काम. वरच्या नावांपैकीच ५५० वॅटचा ब्रॉन्झ, इनपुट १००–२४०, ३,८५० ला मिळाला. हातात घेतल्यावरच वजनातला फरक कळला. ३०६० ला त्याचीच ८ पिनची वायर, कन्व्हर्टर कचऱ्यात. एक्स्पोर्ट चालू असताना १२.०३. अख्ख्या लग्नाचा व्हिडिओ एका दमात निघाला. वायरमनला अर्थची वायर बोर्डातच तुटलेली सापडली, मुंग्या बंद.

एक शंका राहिली. लाईट जाते तेव्हा आता पीसी बसत नाही, पण एक्स्पोर्ट चालू असेल तर यूपीएस सलग ओरडतो आणि मिनिटभरात मान टाकतो.

फेज_न्यूट्रल

६०० व्हीए म्हणजे बहुतेक ३६० वॅट. तुमचा पीसी आतून ३०० मागतो तेव्हा भिंतीतून ३५० घेतो, वर मॉनिटर. यूपीएस ओव्हरलोडच्या काठावर आहे आणि आतली ७ अँपिअर-अवरची बॅटरी जुनी असेल तर तेवढा करंट तिला झेपत नाही. आता लाईट गेली की एक्स्पोर्ट लगेच थांबवा, लोड एकदम उतरेल. पुढच्या सीझनला १ केव्हीएचा घ्या. घरचा इन्व्हर्टर जोडायचा विचार असेल तर तो साइन वेव्हचा आहे का बघा आणि यूपीएस मोडवर ठेवा. साध्या मोडवर त्याला चेंजओव्हरला इतका वेळ लागतो की कुठलाच एसएमपीएस तग धरणार नाही.

तपकीर_गल्ली

दादा, बिल आणि खोक्यावरच्या सीरियल नंबरचा फोटो आजच काढून स्वतःला मेल करा. या मॉडेलांना ३ ते ५ वर्षांची वॉरंटी असते आणि थर्मल कागदावरची शाई त्याच्या आधीच उडते. सर्व्हिस सेंटरवाले कोरा कागद घेत नाहीत.